बायस लावणारा हात

गोडोलीत आकारामआबांचं घर विचारलं तर लोक डोकं खाजवतात, पण ‘मशीनवाले फौजी’ म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. साताऱ्यात नुसतं फौजी म्हणून भागत नाही, दर तिसऱ्या घरात एक निघतो. आबांनी सैन्यात वायरलेसचे सेट दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली, हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि घरी येऊन जुन्या मशीनच्या नादाला लागले. मशीन म्हणजे जत्रेत, लग्नात कर्ण्यांना जोडायचा तो व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर. वर बाटल्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह उभे, खाली पत्र्याच्या पेटीत तारांचं जंजाळ, आणि वजन असं की दोघांनी उचलावं आणि तिसऱ्यानं शिव्या खाव्यात. डीजेवाली पोरं त्याला भंगार म्हणतात. पण जत, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात अजून अशी माणसं आहेत की ज्यांना त्या भंगारातून आलेला आवाज सोडून दुसरा आवाज कानाला लागत नाही. ती माणसं मशीन गोधडीत गुंडाळून साताऱ्याला आणतात, आणि आबा ती गोधडी अशी उलगडतात की आत लेकीचं तान्हं बाळ असावं.

आबांचं नाव झालं ते बायसमुळं. बायस म्हणजे काय, हे ते गिऱ्हाइकाला बैलाच्या भाषेत सांगत. व्हॉल्व्ह हा बैल आणि बायस हा त्याचा कासरा. कासरा सैल सुटला तर व्हॉल्व्ह उधळतो, त्याच्या पोटातला पत्रा निखाऱ्यासारखा लाल होतो आणि बघता बघता कामातून जातो. फार आवळला तर आवाज घुसमटतो, फाटतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची असते. त्यासाठी पेटीच्या आत प्रत्येक व्हॉल्व्हचा एक बारका स्क्रू असतो, तो मीटरच्या काट्याकडं बघत राईएवढा फिरवायचा. बोलायला सोपं, पण हे काम मशीन चालू ठेवूनच करावं लागतं, आणि त्या स्क्रूच्या बोटभर अंतरावर साडेचारशे व्होल्टची तार बसलेली असते. घरातली लाइट माणसाला झटका देऊन कधीकधी सोडते तरी. ही तार सोडायच्या भानगडीत पडत नाही.

म्हणून फौजेतल्या उस्तादानं एक नियम घालून दिला होता. चालू मशीनमध्ये हात घालायचा तो एकच, उजवा. डावा हात पाठीमागं, पट्ट्यात खोचलेला. दोन्ही हात आत असताना धक्का बसला तर करंट एका हातानं शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हातानं निघतो, मग माणूस उठत नाही. पेन्शनीत आल्यावर आबांनी या नियमाला घरचं एक कलम जोडलं. मशीन चालू असेल तोवर बायकोनं, लीलाबाईंनी, स्विचबोर्डाजवळ स्टुलावर बसायचं, आणि काही वावगं दिसलं की आधी स्विच पाडायचा, ओरडायचं नंतर. लीलाबाई तिथं बसून मेथी निवडत, वाती वळत. बायसचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. नवऱ्याचा डावा हात पाठीवर आहे की नाही, एवढंच त्या बघत. अशी कित्येक वर्षं गेली, आणि दोघांनाही त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटातून करंजी उचलताना आबांचा उजवा अंगठा आपोआप हलायला लागला. थंडी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण संक्रांत झाली, ऊन तापायला लागलं, तरी थंडी काही जाईना. सकाळी हात बरा असे, दुपारनंतर थरथर वाढे, आणि चार माणसं बघत असली तर विचारू नका. बशी वाजायला लागली तेव्हा लीलाबाईंनी आपणहून चहा स्टीलच्या पेल्यात द्यायला सुरुवात केली. कपांना चिरा गेल्यात म्हणाल्या. आबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कपांची चौकशी केली नाही.

आबांना सगळं ठाऊक होतं, हीच तर अडचण होती. त्यांचे थोरले भाऊ नाथाजी, ऊस एका घावात तोडणारा गडी, त्यांचंही असंच अंगठ्यापासून सुरू झालं होतं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पुढं पुढं वहिनी त्यांना घास भरवायची, आणि भेटायला आलेली माणसं नाथाजींशी न बोलता वहिनीशीच बोलायची, ‘आज कसं हाय?’ म्हणून. नाथाजी तिथंच बसलेले असायचे, ऐकत. आबांना मरणाचं एवढं भय नव्हतं. भय होतं ते त्या प्रश्नाचं, आणि तो आपल्या घरात लीलाबाईंना विचारला जाईल याचं. हाताचं नाव एकदा काढलं की डॉक्टर, मग गोळ्या, मग कामाच्या टेबलावर चादर टाकणं, मग तो प्रश्न, अशी सगळी रांग त्यांना समोर दिसे. त्यापेक्षा नाव काढूच नये, हे बरं.

पण काम तर येतच होतं. मग आबांनी एक युक्ती काढली, आणि ती इतकी वाईट होती की दुसऱ्या कुणी काढली असती तर त्यांनीच त्याला धारेवर धरलं असतं. लीलाबाई बाजाराला किंवा देवळात गेल्या की मशीन लावायचं, आणि डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट घट्ट धरून स्क्रू फिरवायचा. म्हणजे दोन्ही हात आत, आणि स्टूल रिकामं. प्रत्येक वेळी काम संपल्यावर त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला असे. जिवावर उदार होणं म्हणतात ते फौजेत त्यांनी पाहिलं होतं, पण ते असं चोरून करायचं नसतं, हे त्यांनाही कळत होतं.

चैत्रात बिरदेव मशीन घेऊन आला. बिरदेव कवठेमहांकाळच्या पलीकडचा, माळावरच्या वाडीतला धनगर. बापाच्या मागं मेंढरं थोडी राहिली, द्राक्षबाग वाढली, पण बापाचं मशीन त्यानं विकलं नाही. त्यांच्या बिरोबाच्या जत्रेत पूर्वी धनगरी ओव्या त्याच मशीनवर व्हायच्या. मधल्या काळात डीजे शिरला, आणि गेल्या वर्षी ओवीचा ढोल त्या खोक्यांतून असा छातीवर आपटला की म्हातारे गाणारे अर्ध्यातून उठून गेले. यंदा वाडीनं ठरवलं होतं, जुनं मशीन आणि दोन कर्णे. बिरदेवनं मशीन लावून बघितलं तर एक व्हॉल्व्ह लालबुंद झाला. तसं ते पोत्यात घालून त्यानं पिकअप थेट गोडोलीत आणली, आणि ‘आबा, जत्रेला वाजलं पायजे’ एवढंच म्हणून तो गेला.

आबांनी तपासलं तर चारही व्हॉल्व्ह थकलेले. त्यांच्याजवळ एकसारखे चार जुने व्हॉल्व्ह कापसात जपून ठेवलेले होते, तसे परत मिळणं मुश्किल. ते त्यांनी काढून बसवले. राहिला बायस. सकाळी हात बरा असतो म्हणून त्यांनी लीलाबाईंना सकाळीच भाजीला पिटाळलं, मशीन लावलं आणि दोन्ही हात आत घातले. तीन व्हॉल्व्ह झाले, चौथ्याला पेचकस लावला, आणि खोलीतलं सगळं एकदम बंद पडलं. दिवे गेले, मीटरचा काटा खाली बसला. आबांनी वर बघितलं. स्विचबोर्डाशी लीलाबाई उभ्या होत्या. पिशवी घरी विसरली म्हणून त्या अर्ध्या वाटेतून परतल्या होत्या.

आबा उलटे त्यांच्यावरच चिडले. मीटरची काडी सैल झाली होती, ती धरायला दुसरा हात लागला, त्यात काय एवढं, असं पुष्कळ बोलले. लीलाबाईंनी ऐकून घेतलं. पिशवी खुंटीला लावली, स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. त्या दिवशी घरात भाजी आली नाही. उरलेल्या एका व्हॉल्व्हचा बायस आबांनी डावा हात पाठीला लावून केला, आणि तेवढ्यात त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

इथं आबांची आणखी एक रीत सांगायला हवी. साताऱ्यात लावलेला बायस ते कधीच शेवटचा मानत नसत. ज्या गावात मशीन वाजायचं त्या गावच्या लाइटवर आणि वाजायच्या वेळेलाच बायस पक्का करायचा, यासाठी ते मशीनबरोबर एसटीत बसून जात. कारण साधं होतं. साताऱ्याची लाइट बऱ्यापैकी एका जागी असते. तिकडं बागांच्या मोटरी सुरू झाल्या की दाब उतरतो, दिवे मिणमिणतात, आणि मोटरी बंद झाल्या की तोच दाब उसळी मारतो. कासरा कुठल्या दाबाला किती धरायचा हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही. या रीतीमुळं आबांचं मशीन कधी भर जत्रेत बसलं नव्हतं, आणि आबांनाही गावोगावचं जेवण मिळालं होतं.

बिरदेव मशीन न्यायला आला तेव्हा पिकअपमध्ये पुढं आबांसाठी उशी ठेवून आला होता. आबा म्हणाले, या खेपेला येणं जमणार नाही, गुडघा धरलाय, बायस इथं पक्का केलाय. बिरदेव बरं म्हणाला आणि मशीन चढवून गेला. आबांच्या डोळ्यांसमोर सगळं होतं. माळावरची संध्याकाळ, भोवती दोन-तीनशे माणसं, सगळ्यांचे डोळे पेचकसावर, आणि तो हात. लीलाबाई दारात उभ्या होत्या. गुडघा कोणता, असं त्यांनी विचारलं. आबा जरा उशिरानं म्हणाले, डावा.

दुसरा दिवस जत्रेचा. आबांना चहा गोड लागेना. आज काळजी हाताची नव्हती, मशीनची होती. शेवटी त्यांनी फोन लावला. बिरदेव खुशीत होता. आज पहाटेच मशीन लावून बघितलं, ब्येस वाजतंय, म्हणाला. दिवे कसे होते, आबांनी विचारलं. मिणमिणते होते. देवळाची लाइट कुठल्या लाइनीवर आहे? शेतीच्या. म्हणजे भोवतीच्या सगळ्या बागांच्या मोटरी त्याच लाइनीवर. थ्री फेज किती वाजेपर्यंत आहे या आठवड्यात? दिवस मावळेपर्यंत. आणि ओव्या कधी उभ्या राहणार?

“दिवा लागला की, आबा. दर साली तवाच उभ्या राहत्यात न्हवं का.”

आबा खाटेवर बसले. दिवस मावळायला मोटरींची थ्री फेज जाणार, दिव्यांपुरती लाइट राहणार, दाब उसळणार, आणि तेव्हाच ओवीला सुरुवात होणार. साताऱ्याच्या लाइटवर धरलेला कासरा त्या दाबाला सैल पडणार हे त्यांना फोनवरच दिसलं. दाबाप्रमाणं लाइट जोडायचं बटण त्या मशीनला एके काळी होतं, ते बिरदेवच्या बापाच्या हयातीतच जळून गेलं होतं. त्याला पेलेल असा स्टॅबिलायझर वाडीत नव्हता. फोनवरून बायस सांगावा तर मीटर आबांजवळ. आणि हे सगळं आपल्याला कालच ठाऊक होतं, या हाताच्या पायी आपण ते ठाऊक नसल्यासारखं केलं, या विचारानं त्यांना भयंकर लाज वाटली. ते चार व्हॉल्व्ह जळतील, वाडीसमोर बिरदेवचं हसं होईल, आणि पुढच्या वर्षी डीजेची खोकी परत येतील. गेलं पाहिजे हे तर ठरलंच. पण तिथं जाऊन करणार काय, हे त्यांना कळत नव्हतं.

ते मीटर पिशवीत घालायला लागले तोवर लीलाबाई नेसून तयार. सांगलीत विश्रामबागला दीपमालाकडं जायचंच आहे, जत्रा करून रात्री लेकीकडं मुक्काम, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं. आबा म्हणाले, उन्हाचं कशाला. लीलाबाई म्हणाल्या, ऊन काय मला नवीन आहे. तेवढ्यावर दोघंही सांगलीच्या एसटीत बसले.

त्या प्रवासाचं आबांना पुढं काहीच आठवेना. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, उसाच्या ट्रॉल्या गेल्या, आणि हे आपले उजवा हात पिशवीखाली दाबून मनातल्या मनात तोच स्क्रू फिरवत होते. मनगट टेबलाला टेकवलं तर? पेचकसाला फडकं गुंडाळलं तर? डाव्या हातानं केलं तर? डाव्या हातानं त्यांना भात कालवता येत नव्हता. लीलाबाईंनी एकदा शेंगा पुढं केल्या, आबांनी नको म्हटलं. शेंगा सोलायला दोन्ही हात बाहेर काढावे लागले असते. सांगलीच्या स्टँडवर बिरदेव पिकअप घेऊन उभा होता. आबांना बघून त्याचा चेहरा असा फुलला की आबांना त्याच्याकडं बघवेना. गुडघ्याचं त्यानं विचारलं तेव्हा आबांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवून बरा आहे म्हणून सांगितलं.

माळावर पोचले तेव्हा दिवस कलला होता. देवळासमोर मांडव, मांडवात टेबलावर मशीन, दोन बाजूंना बांबूला बांधलेले कर्णे. सगळीकडं भंडाऱ्याची पिवळी धूळ. ढोल तापवून ठेवलेले, फेटे बांधलेली म्हातारी माणसं गोल करून बसलेली. मशीनवर कुणीतरी एक दोन तीन म्हणून बघत होतं, आवाज गोड येत होता आणि व्हॉल्व्ह शांत होते. आबा मीटर जोडून समोर बसले. आता मोटरी बंद व्हायची वाट बघायची. चहूबाजूंनी बागांमधून मोटरींची घरघर येत होती. आबांना ती कधी थांबू नये असं वाटत होतं, आणि सूर्य तर खाली खाली चालला होता.

घरघर थांबली ती एकाच क्षणी. सगळा माळ एकदम गप्प झाला, मांडवातला दिवा पांढराशुभ्र झाला, आणि मीटरचा काटा चढायला लागला. आबा दुसरीकडं कुठं न बघता तिसऱ्या व्हॉल्व्हकडं बघत होते. आतल्या पत्र्यावर बोटाच्या पेराएवढा लाल ठिपका उमटला, पसरला, आणि शेजारचाही लालसर व्हायला लागला. लीलाबाईंनी स्विच पाडला. त्या केव्हा तिथं जाऊन उभ्या राहिल्या होत्या हे आबांना कळलंही नव्हतं. मांडवाच्या खांबाला लाकडी फळीवर स्विच होता, त्याला त्या खेटून होत्या.

बिरदेवनं आणि आबांनी मिळून मशीन कुशीवर केलं, तळाचा पत्रा काढला. कर्ण्यांच्या तारा तशाच जोडलेल्या ठेवल्या, कारण त्या सोडून मशीन चालवलं तर ते दुसऱ्याच वाटेनं मरतं. ओवीवाल्यांचे डोळे इकडंच लागले होते. आबांनी डावा हात पाठीमागं नेऊन पट्ट्यात खोचला. उजव्या हातात पेचकस घेतला आणि आत घातला. पेचकसाचं टोक पेटीच्या कडेवर वाजायला लागलं. टक टक टक, हलकं, न थांबता. त्या शांततेत ते बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचलं असेल, असं आबांना वाटलं.

त्यांनी मनगट कडेवर टेकवून बघितलं. वाजणं थांबलं नाही. मशीन अजून बंद होतं म्हणून ठीक. चालू असतं तर याच टोकानं शेजारची तार गाठली असती, आणि मग व्हॉल्व्हचं सोडा. त्यांचा डावा हात पट्ट्यातून निघाला, हळूच पुढं आला आणि उजव्या मनगटावर बसला. वाजणं थांबलं. त्यांनी लीलाबाईंना मानेनं खूण केली, चालू कर.

लीलाबाईंनी स्विचवरचा हात काढून पदरात घेतला.

“दोन हातांनी मी चालू करायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “रात्र झाली तरी चालंल.”

त्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, पण फळीजवळच्या दोघा-चौघांनी ऐकलं आणि माना वळवल्या. आबांना रागच आला. इथं, माणसांत, बायकोनं अडवावं. मग त्यांनी लीलाबाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि राग कुठल्या कुठं गेला. त्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. भाजीची पिशवी आणायला परत आल्या तेव्हा त्या स्विचबोर्डाशी कशा दिसल्या असतील, ते आबांना आत्ता कळलं. तेव्हा ते त्यांच्याकडं बघायच्या ऐवजी ओरडत होते.

“बिरदेव,” आबा म्हणाले, “पेचकस तू धर. मी चष्मा इसरलो.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. बिरदेवनं तो बघितला, शेजारच्यांनी बघितला. बिरदेवनं नुसता हात पुसला आणि पेचकस घेतला. तो भ्यालेला होता हे उघड होतं, मशीन वाजवण्यापलीकडं त्यानं आत कधी हात घातला नव्हता. आबांनी त्याचा डावा हात धरून पाठीमागं त्याच्या करगोट्यात अडकवला. लाल तार कुठली, ती दाखवली, आणि तिचं नाव मरण असं सांगितलं. मग त्याला विचारलं, मेंढरू कातरताना कातर कशी धरतोस? कातडीला न लागता लोकर निघते तेव्हा हात कसा असतो? तसाच आत ने. बिरदेवनं मान हलवली. लीलाबाईंनी स्विच चालू केला.

आजवर आबांनी हजार वेळा तरी हे काम केलं असेल, पण एवढं भय त्यांना कधी वाटलं नव्हतं. स्वतःचा हात आत असतो तेव्हा माणसाला स्क्रूखेरीज काही दिसत नाही. आता त्यांना सगळं दिसत होतं. बिरदेवच्या मनगटावरची शीर, घामाचा थेंब, तार, आणि पेटीच्या पलीकडं त्याची म्हातारी आई, दगडाबाई, हातात आरतीचं ताट धरून उभी. उजवीकडं, राईएवढं, थांब. अजून राईएवढं. थांब. पहिला व्हॉल्व्ह बसला. दुसरा बसला. तिसऱ्याचा स्क्रू घट्ट होता, बिरदेवनं जोर केला, पेचकस खाचेतून निसटला आणि तारेकडं घसरला.

मशीन बंद. आबांच्या तोंडातून शब्द निघायच्या आत लीलाबाईंनी स्विच पाडला होता. पेचकस तारेला टेकून होता, नुसता लोखंडाचा तुकडा. बिरदेवचा चेहरा पांढरा पडला. आबांनी बिरदेवच्या पाठीवर हात ठेवला, उजवा, कापणारा. बिरदेवला तो पाठीवर जाणवला असणार. आबांनी काढून घेतला नाही. थोड्या वेळानं बिरदेव म्हणाला, चालू करा काकू.

तिसरा बसला, चौथा बसला. एक बदलला की बाकीचे थोडे हलतात, म्हणून आबांनी पुन्हा एकदा चारही फिरवून घेतले. दाब तसाच चढलेला होता, पण व्हॉल्व्हच्या पोटातला लाल रंग गेला होता, फक्त आतल्या बारीक तारेचं नेहमीचं नारिंगी मिणमिणणं उरलं होतं. आबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी तळाचा पत्रा लावायला सांगितलं. आरती झाली, ढोल उभे राहिले, आणि पहिल्या ओवीचा आवाज कर्ण्यातून माळावर गेला तेव्हा म्हाताऱ्या गाणाऱ्यानं डोळे मिटून घेतले.

आबा आणि लीलाबाई कडेला, नेमके एका कर्ण्याच्या खाली जाऊन बसले. दुसरीकडं जागाच नव्हती. लीलाबाईंनी प्रसादाचं खोबरं त्यांच्या पुढं केलं. आबांनी ते उजव्या हातानं घेतलं, आणि तळहातावर ते तुकडे नाचत राहिले. लीलाबाई ढोलाकडं बघत होत्या. आबांना वाटलं, आता बोललो नाही तर विश्रामबागला लेकीच्या घरी गेल्यावर बोलायचं नाही, मग साताऱ्याला गेल्यावर नाही, आणि मग परत एखाद्या सकाळी भाजीला पाठवावं लागेल.

“माजा हात कापतोय,” ते म्हणाले.

वर कर्णा गरजत होता. लीलाबाईंनी कान पुढं केला, काय, अशी मान हलवली. आबांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, दिवाळीपासून कापतोय म्हणून. लीलाबाईंनी कानामागं हात धरला. ओवी वर चढली होती, झांजांसारखी कैताळं वाजत होती. आबांनी सगळा दम गोळा केला आणि परेडवर द्यावा तसा आवाज दिला.

“हात कापतोय माजा. नाथाजीगत हुईल म्हून मला लय भ्या वाटतंय.”

पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं मागं बघितलं आणि सोयीस्करपणे पुन्हा पुढं बघितलं. लीलाबाई आबांच्या कानाशी वाकल्या. उद्या दीपमालाला घेऊन डॉक्टरकडं जायचं, म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, “पयल्याच येळेला ऐकू आलं हुतं मला.”

आबांनी विचारलं, “मग परत परत वरडाय का लावलंस?”

“दिवाळीपास्नं वाट बघत हुते,” लीलाबाई म्हणाल्या. “येकदा ऐकून कसं भागंल?”